चवीबद्दल वाद घालता येतो का? पोर्तुगालच्या वाइनने दिलेलं उत्तर



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, "सर, सौंदर्य, रस वगैरे ठीक आहे. पण शेवटी आवड ज्याची त्याची. मग त्यात चूक-बरोबर कसलं?" वेळ संपली होती, म्हणून मी उत्तर टाळलं. खरं सांगायचं तर वेळ होती, धीर नव्हता. कारण या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर वाइनमधून मिळालं, आणि वाइनबद्दल बोलणं मला सोपं जात नाही. आज प्रयत्न करतो.

आमच्या घरात दारूचं नाव काढलं जात नसे. माझे थोरले भाऊ, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, एक्केचाळिसाव्या वर्षी दारूने गेले. त्यानंतर मी कुठलंही मद्य ओठाला लावलं नाही. आणि गंमत बघा, नोकरीची तीस वर्षं मी दरवर्षी वर्गात वाइनचंच उदाहरण शिकवत होतो.

ते उदाहरण डेव्हिड ह्यूमचं. अभिरुचीच्या निकषावरचा त्याचा निबंध १७५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्याने 'दोन किहोते'मधली गोष्ट घेतली आहे. सांचोच्या दोन नातेवाइकांना एका पिंपातली वाइन चाखायला दिली. एक म्हणाला, उत्तम आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, उत्तम आहे, पण किंचित लोखंडाची चव लागते. लोक दोघांना हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी एक किल्ली सापडली, चामड्याच्या वादीला बांधलेली. ह्यूमचं म्हणणं असं की चव ही नुसती आवड नाही. वस्तूत काहीतरी असतं, कोणाला ते कळतं आणि कोणाला कळत नाही.

याउलट कांट. त्याच्या १७९०च्या ग्रंथात कॅनरी बेटांवरच्या वाइनचं उदाहरण येतं. ती 'सुखद आहे' असं म्हणू नये, 'मला सुखद आहे' असं म्हणावं, असा त्याचा आग्रह. म्हणजे आपल्या श्रोत्यांचा पक्ष कांटचा.

एकदा वर्गात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, तुम्ही कधी चाखली आहे का?" मी "नाही" म्हणालो. मुलं हसली. तो हशा माझ्या डोक्यातून गेला नाही. निवृत्तीनंतर लंडनला मुलीकडे गेलो होतो. ती म्हणाली, "बाबा, पोर्तुगालला जाऊ. प्यायला नाही, बघायला." सप्टेंबरअखेर आम्ही पोर्तोला उतरलो.

पोर्तोहून दोरू नदीच्या काठाने रेल्वे जाते. पिन्यांव स्टेशनवर उतरलं की भिंतीवरच्या निळ्या फरशांवर द्राक्षतोडणीची चित्रं दिसतात. आणि मान वर केली की दोन्ही बाजूंना डोंगर, पायथ्यापासून वरपर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी खणलेले. तिथला दगड पाटीसारखा, पापुद्रे सुटणारा. माती जवळजवळ नाहीच. माणसांनी हा दगड फोडून बांध घातले, आणि वेलांनी त्याच्या फटींतून खोलवर मुळं नेली. युनेस्कोने २००१ साली या खोऱ्याला जागतिक वारसा ठरवलं, ते या बांधांसाठीसुद्धा.

पोर्ट वाइन होते ती इथल्या द्राक्षांची. पूर्वी ती उघड्या दगडी हौदात पायांनी तुडवत, काही ठिकाणी अजूनही तुडवतात. पायाने बी फुटत नाही, म्हणून कडवटपणा उतरत नाही. रस आंबायला लागतो, म्हणजे यीस्ट साखर खाऊन मद्यार्क बनवू लागतं. नेहमीच्या वाइनमध्ये हे साखर संपेपर्यंत चालतं. पोर्टमध्ये दोन-तीन दिवसांतच, साखर बरीच शिल्लक असताना, साधारण चार भाग रसाला एक भाग द्राक्षांचाच तीव्र अर्क घालतात. त्यात सुमारे ७७ टक्के मद्यार्क असतो. यीस्ट मरतं, गोडी तशीच राहते, आणि मद्यार्क वीस टक्क्यांच्या आसपास जातो.

आता १७५६ साली काय झालं ते ऐका. पोर्टला इंग्लंडमध्ये मागणी वाढली, तशी भेसळ वाढली. रंग गडद दिसावा म्हणून एल्डर नावाच्या झाडाची काळी फळं रसात घालत. लिस्बनचा भूकंप होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा पोंबालच्या मार्क्विसने कंपनी स्थापली, दोरूच्या खोऱ्याची हद्द आखली, सीमेवर दगड रोवले, आणि एल्डरची झाडं उपटायला लावली. पुढच्याच वर्षी पोर्तोतल्या गुत्तेवाल्यांनी या कंपनीविरुद्ध दंगा केला. ह्यूमचा निबंध आला त्याच वर्षी! एकीकडे तत्त्वज्ञ विचारतोय की चवीला निकष असतो का, आणि दुसरीकडे त्या निकषावरून रस्त्यात मारामारी चालली आहे.

पोर्तोच्या समोर, नदीपलीकडे, गाया गाव आहे. पूर्वी चपट्या तळाच्या होड्यांतून पिंपं इथल्या वखारींत येत. अशाच एका वखारीत आम्ही गेलो. दाखवणाऱ्या बाईंनी दोन पेले ठेवले, नाव न सांगता, आणि विचारलं की जुनी कोणती? एक गर्द जांभळी, दुसरी फिकट, विटकरी. मी तीस वर्षांचा प्राध्यापक. आत्मविश्वासाने गर्द पेल्याकडे बोट दाखवलं.

साफ चूक. गर्द होती ती कोवळी. दुसरी कित्येक वर्षं लाकडी पिंपात मुरलेली. लाकडातून हवा हळूहळू आत जाते, आणि लाल रंग विरत विटकरी होतो. तिला टॉनी म्हणतात. मी डोळ्यांनी निकाल दिला होता. एल्डरची फळं घालणारे व्यापारी ज्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर होते, ते गिऱ्हाईक मीच.

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. टॉनीच्या बाटलीवर 'वीस वर्षं' लिहिलेलं असतं, पण आत अनेक वर्षांच्या वाइनचं मिश्रण असतं. मग वीस कोण ठरवतं? तिथल्या नियामक संस्थेचं चाखणाऱ्यांचं मंडळ. वीस वर्षांच्या टॉनीत जे गुण असायला हवेत ते यात आहेत का, हे जिभेने ठरतं. कायद्यानेच ह्यूमचा पक्ष घेतला आहे!

मग मी चाखली. एक घोट तोंडात फिरवला आणि समोरच्या भांड्यात थुंकला. तिथे तशी रीतच आहे, कोणी वावगं मानत नाही. बाई विचारत होत्या, काय लागतंय? त्यांच्या तक्त्यावर ब्लॅकबेरी आणि असली फळं होती, जी मी आयुष्यात खाल्ली नाहीत. मी गप्प. मुलगी म्हणाली, "बाबा, मराठीत सांगा." मी डोळे मिटले आणि म्हणालो, खारीक, काकवी, भाजलेला अक्रोड. तिने भाषांतर केलं. बाईंनी मान डोलावली.

पुढच्या आठ दिवसांत मला कळलं की आपण या कामाला कच्चे नाही. बैरादा भागात बागा नावाच्या द्राक्षाची लाल वाइन चाखली, तोंड एकदम आक्रसलं. मला शब्द शोधावा लागला नाही: तुरट. आपल्या षड्रसांत कषाय हा स्वतंत्र रस आहे, हिरडा चघळलेल्या मुलालाही तो ठाऊक असतो. उत्तरेला मिन्यो प्रांतात 'विन्यो व्हेर्द', शब्दशः हिरवी वाइन. हिरवी म्हणजे रंगाने नव्हे, कोवळी, लवकर प्यायची. तिचा आंबटपणा कैरीच्या पहिल्या फोडीसारखा दात शिवशिवणारा.

आणि काही चवी इतिहास कळल्याशिवाय पूर्ण उमगत नाहीत. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने मुळं खाऊन युरोपभरच्या बागा मारल्या. उपाय निघाला तो अमेरिकन खुंटावर कलम करण्याचा. पण सिंत्राजवळच्या कोलारिशमध्ये वेल समुद्राकाठच्या वाळूत आहेत. वाळूत ती कीड टिकत नाही, म्हणून तिथले वेल आजही स्वतःच्या मुळांवर उभे आहेत. मदेइराची कथा तर आपल्यापर्यंत येते. हिंदुस्थानाकडे निघालेल्या जहाजांत तिथली पिंपं असत. उष्ण कटिबंधातून जाऊन आलेली वाइन बिघडण्याऐवजी सुधारलेली निघाली! मग मुद्दाम फेरी मारून आणू लागले. आता तीच ऊब माळ्यावर पिंपं ठेवून देतात.

अलेंतेजूत बुचाच्या ओकची झाडं पाहिली. साल दर नऊ वर्षांनी काढतात. कोणत्या वर्षी काढली, त्याचा शेवटचा आकडा खोडावर रंगवतात. पहिली साल काढायलाच सुमारे पंचवीस वर्षं लागतात. लावणारा माणूस बऱ्याचदा दुसऱ्यासाठीच लावतो.

आता दादांकडे येतो. त्या भांड्यात थुंकताना मला त्यांची आठवण आली. दादा नाक मुरडून, औषधासारखं, एका दमात घ्यायचे. चव त्यांना नकोच होती. म्हणून मी असं म्हणणार आहे का, की चव कळली असती तर दादा वाचले असते? नाही. मला तसं म्हणायचा मोह झाला होता, पण ते खोटं आहे. मद्यार्क चवीने घेतला तरी मद्यार्कच. जाणकार माणसंही बुडालेली आहेत. मी परत आल्यावर घरात बाटली ठेवलेली नाही. मला एवढंच कळलं की मी चाळीस वर्षं दोन वेगळ्या गोष्टी एकाच कुलपात ठेवल्या होत्या: भीती आणि अज्ञान. भीतीला कारण होतं. अज्ञानाला नव्हतं.

तेव्हा मूळ प्रश्न. आवड ज्याची त्याची, हे कांटचं म्हणणं आवडीपुरतं खरं आहे. मला टॉनी आवडली, मुलीला कोलारिश, यात वाद नाही. पण जुनी कोणती, यात मी चुकलो होतो, आणि चूक दाखवून देता आली. भरतमुनींनी नाट्यरस समजावताना उदाहरण दिलं ते जेवणाचंच: नाना व्यंजनांनी सिद्ध केलेलं अन्न सुमनस माणूस आस्वादतो. सुमनस, म्हणजे मन जागेवर असलेला. ही पात्रता जन्मजात नाही, ती कमावता येते.

त्यासाठी वाइन लागत नाही. घरी जा, दोन दुकानांतला गूळ आणा, डोळे मिटून चाखा, आणि फरक शब्दांत लिहून काढा. दुसऱ्या कोणालातरी तेच करायला सांगा. मग एकमेकांचे कागद बघा. कुठे जुळलं, कुठे नाही, ते पुढच्या वेळी मला सांगा.