कच्च्या मातीचा खेळ, फुटक्या खापराचा खेळ

धाराशिवपासून साधारण वीस किलोमीटरवर, तेरणेच्या काठी तेर आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात ज्याचं कापड गाड्यांवरून भडोचला जाई असं नोंदलं आहे, ते तगर म्हणजे हेच गाव. इथल्या पांढरीतून निघालेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात ठेवल्या आहेत. त्यांत मातीच्या मूर्ती आहेत, प्राणी आहेत. काही मूर्ती पांढऱ्या केओलिनच्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या, आतून पोकळ. रांजण घडवणाऱ्या वस्तीनं केवळ पाहण्या-हाताळण्याच्या आनंदासाठीही माती भाजली, हे तिथं उभं राहिलं की पटतं.

याच गावात गोरोबाकाकांचं मंदिर आहे. विठ्ठलनामात तल्लीन होऊन माती तुडवताना रांगतं मूल पायाखाली आलं, ही त्यांची कथा घरोघरी माहीत आहे. दुसरी कथा थापटण्याची. संतांच्या डोक्यावर थापटणं मारून गोरोबांनी कोण पक्कं, कोण कच्चं हे पाहिलं आणि नामदेवांना कच्चं ठरवलं. पुढे विसोबा खेचरांकडून नामदेवांना बोध मिळाला. कच्चं असणं म्हणजे अजून घडता येणं, असा त्या कथेचा अर्थ मला लागतो.

मातीचं शास्त्रही तेच सांगतं. वाळलेलं कच्चं मडकं पाण्यात टाकलं की त्याची पुन्हा माती होते. आव्यात साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापलं की परतीची वाट बंद. मग ते मडकं कामाला लागतं, आणि फुटलं की पुन्हा पोरांच्या हाती येतं. लगोरीची चळत खापरांची, ठिकऱ्यांच्या खेळातली ठिकरीही खापराचीच. मातीच्या आयुष्यात खेळ असा दोन टोकांना असतो: भाजण्याआधी आणि फुटल्यानंतर. मधला काळ संसाराचा.

आधुनिक सिरॅमिक कला या दोन टोकांकडे परतली. क्योतोच्या यागी काझुओ यांनी १९५४ साली चाकावर एक कडं फिरवलं, ते उभं केलं आणि त्याला नळ्यांचे पाय लावले. काफ्काच्या कथेतल्या साम्सावरून त्याला नाव दिलं. त्यात पाणी भरता येत नाही; कुंभाराचं चाक इथं मोकळं खेळलं. पुढच्याच वर्षी तोकियोत शिरागा काझुओ चिखलाच्या ढिगाशी अंगानं झुंजले. तिथं भांडं नव्हतं, भट्टी नव्हती. फक्त कच्चं टोक. दुसरं टोक चिनी कलावंत आय वेवे यांनी धरलं: १९९५ साली त्यांनी हान काळातला एक कुंभ हातातून सोडून फोडला आणि त्याची छायाचित्रं हीच कलाकृती ठरली.

खेळाची किंमतही त्यांच्याच कामातून कळली. २०१० साली लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांनी चिनी मातीच्या सुमारे दहा कोटी सूर्यफूल-बिया अंथरल्या. लोक त्यांवर चालले, लोळले, मुठी भरल्या. पण धूळ उडून श्वासाला अपाय होईल म्हणून काही दिवसांतच प्रवेश बंद झाला. बिया तिथंच होत्या, पण आता त्या फक्त पाहायच्या होत्या. हात काढून घेतला की मातीची कला अर्धी होते.

आपल्याकडे २०१८ साली जयपूरच्या जवाहर कला केंद्रात भारतीय सिरॅमिक्सचं पहिलं त्रैवार्षिक प्रदर्शन भरलं आणि भांड्यापलीकडची माती मोठ्या दालनांत मांडली गेली. ते मोलाचं आहे. पण या कलेचं पहिलं दालन आपलं अंगण आहे. पोळ्याचे मातीचे बैल, भातुकलीची बोळकी, दिवाळीचा किल्ला, सगळं तिथंच घडतं.

म्हणून एक विनंती. यंदा किल्ल्यासाठी प्लास्टरचे तयार मावळे आणण्याआधी मुलांपुढे भिजवलेल्या मातीचा गोळा ठेवा. मावळे वाकडे होतील, एखाद्याची मान गळून पडेल. पडू द्या. आणि सुटीत त्यांना एकदा तेरला न्या. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बोटांनी घडवलेलं तिथं जपून ठेवलं आहे.