तपकिरी साका

मेलेल्या माशांचे फोटो आपण नेहमी छापतो, एकदा पाणी तपासणाऱ्यांवर लिही, असं संपादकांनी सांगितलं आणि मी शिरोळ तालुक्यातल्या तेरवाड बंधाऱ्यावर गेले. कोल्हापूर, इचलकरंजीचं सांडपाणी पोटात घेऊन पंचगंगा इथे येते आणि पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते.

नदी जपायचा कायदा महाराष्ट्राने केंद्राच्याही आधी, १९६९ सालीच केला. पुढच्या वर्षी प्रदूषण नियंत्रण मंडळ आलं. तरी केंद्रीय मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या ३११ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५५ आपल्याच राज्यातले, सर्वांत जास्त.

माझी नजर खिळली ती नमुना घेणाऱ्या माणसाच्या हातांवर. काचेच्या बुचाची ३०० मिलिलिटरची बाटली ते अगदी सावकाश भरतात. आत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पाणी ओतून पुन्हा भरायची. मग पिपेटचं टोक पाण्याखाली धरून आधी मँगनीज सल्फेट, त्यावर आयोडाइडचं अल्कली द्रावण सोडतात आणि बूच लावून बाटली उलटसुलट करतात. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. नसेल तर पांढरा. रंगावरून तिथेच अंदाज येतो. नेमका आकडा प्रयोगशाळेत काढतात. विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाची ही १८८८ ची रीत आजही तितकीच भरवशाची आहे, याचं मला फार अप्रूप वाटलं.

बीओडीची, म्हणजे जैवरासायनिक प्राणवायू मागणीची, बाटली वेगळी. ती २७ अंशांवर अंधारात तीन दिवस ठेवायची आणि जिवाणूंनी किती प्राणवायू संपवला ते मोजायचं.

काळजी वाटते ती नमुना घेण्याच्या वेळेची. नमुना साधारण महिन्यातून एकदा, तोही दिवसाउजेडी घेतला जातो. उन्हात शेवाळ प्राणवायू सोडतं, म्हणून दुपारचं पाणी बरं दिसतं. रात्रभर तो खर्च होऊन पहाटे सर्वांत कमी उरतो. मासे जगायला लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम लागतो. बंधाऱ्यामागे तुंबलेलं काळं पाणी बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढताच एकदम खाली सुटतं, आणि मासे मेल्याची बातमी येईपर्यंत ते पुढे निघून गेलेलं असतं. नंतर घेतलेल्या नमुन्यात दोषी कोण ते कसं सापडणार?

बरगे काढायच्या आदल्या पहाटे एक बाटली भरायलाच हवी. साका पांढरा निघाला तर पाणी अडवून धरता येईल. त्यासाठी तीन दिवस थांबावं लागत नाही.