गहुंजेची माती आणि पाहुणा संघ

कसोटी क्रिकेटची खेळपट्टी म्हणजे २२ यार्ड लांब आणि १० फूट रुंद अशी, पाणी मुरवून आणि रोलरने दाबून घट्ट बसवलेली मातीची पट्टी. ती यजमानांचा क्युरेटर तयार करतो. पाहुण्या संघाला तिथे शब्द टाकायला जागा नसते. सामना सुरू झाला की तिला पाणी देता येत नाही. फलंदाजीला उतरणाऱ्या कर्णधाराला दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आणि सामन्यातला पहिला डाव सोडून आपला डाव सुरू होण्याआधी फार तर ७ मिनिटं रोलर फिरवून घेता येतो. बाकी पाच दिवस ऊन, बुटांचे खिळे आणि चेंडूचे टप्पे खात ती झिजत राहते. ही झीज कोणत्या दिवशी सुरू होते आणि किती झपाट्याने वाढते, यावर दौऱ्यावर आलेल्या संघाचं निम्मं नशीब ठरतं.

माती कशी वागते हे कोल्हापूर भागातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. पंचगंगेकाठच्या काळ्या रानातला ऊस तुटला आणि पाणी बंद झालं की एप्रिल-मेमध्ये हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. जुलैत त्याच रानात पाऊल उचलवत नाही, इतका चिखल पायाला धरतो. या मातीतली चिकणमाती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. जिल्ह्याच्या पश्चिमेला, पन्हाळा-राधानगरीकडे तांबडी माती लागते. तिला रंग लोहामुळे येतो, फुगण्याचा गुण कमी असतो आणि पाण्याचा निचरा लवकर होतो. क्रिकेटमध्येही हाच फरक दिसतो. काळ्या मातीवर चेंडू थांबून येतो आणि दिवस जातील तसा खाली राहतो. तांबड्या मातीवर तो उसळतो, आणि वरचा थर सुटला की फिरकीही उसळी घेऊन वळते.

मातीइतकीच महत्त्वाची असते ती मेहनत. पूर्वी मळणीसाठी खळं करायचं, तर जमिनीवर पाणी मारून, माती चोपून, बैल फिरवून ती इतकी घट्ट करत की दाण्यात खडा येत नसे. खेळपट्टीचं कामही याच जातीचं आहे. पाणी खोलवर मुरवायचं, वाफसा आल्यावर रोलर फिरवायचा, पुन्हा पाणी, पुन्हा रोलर. गवताची मुळं मातीला आतून बांधून ठेवतात. शेवटच्या दिवसांत पाणी तोडलं, गवत पार खरडलं आणि रोलर कमी फिरवला, की वरचा पापुद्रा कोरडा पडतो आणि पहिल्याच सकाळी धूळ उडते. अशा खेळपट्टीला ‘आखाडा’ म्हणायची पद्धत आहे. कुस्तीच्या खासबाग मैदानाच्या कोल्हापूरला ही तुलना पटणारी नाही. तालमीतला हौदा मुद्दाम भुसभुशीत ठेवतात. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद घालून ती रोज उकरतात, कारण पडणाऱ्या पैलवानाला लागू नये. तिथे माती सैल असते ती कष्ट केले म्हणून. खेळपट्टीची माती पहिल्या दिवशी सुटते ती कष्ट कमी पडले म्हणून.

पाहुण्यांवर याचा परिणाम कसा होतो, हे पाहायला पुण्याजवळच्या गहुंजेइतकं चांगलं उदाहरण शोधूनही सापडणार नाही. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या या मैदानावर २०१७ ते २०२४ या काळात तीन कसोटी झाल्या आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा निघाला.

पहिली कसोटी फेब्रुवारी २०१७ मध्ये, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. दख्खनची कोरडी हवा, भाजलेली खेळपट्टी आणि पहिल्या दिवसापासून हातभर वळणारा चेंडू. भारत त्याआधी १९ कसोटींत अपराजित होता. ऑस्ट्रेलियाने नाणेफेक जिंकून २६० धावा केल्या. भारत ३ बाद ९४ वर होता. तिथून ११ धावांत ७ विकेट पडल्या आणि डाव १०५ वर संपला. डावखुरा फिरकीपटू स्टीव्ह ओकीफ याने दोन्ही डावांत प्रत्येकी ३५ धावांत ६ बळी घेतले. दुसऱ्या डावात भारत १०७ वर बाद झाला आणि ३३३ धावांनी हरला.

ओकीफ हा काही चेंडू प्रचंड वळवणारा गोलंदाज नव्हता, आणि तिथेच या सामन्याचं मर्म आहे. कोरड्या पापुद्र्यावर चेंडूची शिवण टेकली तर तो चावतो आणि वळतो. गुळगुळीत चामडं टेकलं तर सरळ घसरत येतो. दोन्ही चेंडू हातातून सारखेच सुटतात. फार वळलेला चेंडू बॅटला हुलकावणी देऊन निघून जातो. जो वळत नाही, तो कड घेतो किंवा पॅडवर आदळतो. दुसऱ्या डावात विराट कोहलीने चेंडू बाहेर जाईल म्हणून बॅट उचलून घेतली आणि तो आत राहून स्टंपवर गेला. उलट स्टीव्ह स्मिथने वळून गेलेले चेंडू जाऊ दिले, सरळ चेंडूसाठी बॅट तयार ठेवली आणि १०९ धावा काढल्या. त्याला जीवदानं मिळाली हे खरं, पण खेळपट्टी त्याने बरोबर वाचली होती. सामना तीन दिवसांत आटोपला आणि सामनाधिकारी ख्रिस ब्रॉड यांनी खेळपट्टीला ‘खराब’ शेरा दिला.

ऑक्टोबर २०१९ मध्ये तेच मैदान दक्षिण आफ्रिकेसमोर वेगळंच वागलं. पृष्ठभाग टणक होता आणि चेंडू बॅटवर येत होता. भारताने ५ बाद ६०१ वर डाव घोषित केला, त्यात कोहलीच्या नाबाद २५४ धावा होत्या. वेगवान गोलंदाज उमेश यादवने सामन्यात ६ बळी घेतले, फिरकीपटू अश्विन आणि जडेजानेही आपला वाटा उचलला आणि भारत एक डाव १३७ धावांनी जिंकला. चांगल्या खेळपट्टीवर यजमानांचं सगळं बळ उपयोगाला येतं: फलंदाजीची खोली, जुन्या चेंडूचा मारा, शेवटच्या दोन दिवसांची फिरकी. पाहुण्यांना असा संघ हरवणं अवघड जातं ते इथे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंड आलं तेव्हा बंगळूरची पहिली कसोटी हरून भारत ०-१ असा मागे होता. गहुंजेला काळ्या मातीची, संथ आणि खाली राहणारी खेळपट्टी मिळाली. वॉशिंग्टन सुंदरने पहिल्या डावात ५९ धावांत ७ बळी घेतले, पण त्याला उत्तर मिळालं मिचेल सँटनरकडून. कसोटीत तोवर एकदाही डावात ५ बळी न घेतलेल्या या गोलंदाजाने वेग कमीजास्त करत ५३ धावांत ७ आणि १०४ धावांत ६ बळी टिपले. न्यूझीलंड ११३ धावांनी जिंकलं. मायदेशी सलग १८ मालिका जिंकण्याचा भारताचा क्रम तिथे तुटला.

तीनपैकी दोन कसोट्या पाहुण्यांनी जिंकल्या, आणि त्या दोन्ही फिरकीला अनुकूल खेळपट्ट्यांवर. चेंडू जितका जास्त वळतो, तितकं चांगल्या आणि साधारण फिरकीपटूतलं अंतर कमी होतं. सामना आखूड होतो, नाणेफेकीचं वजन वाढतं आणि एका सत्रातली पडझड भरून काढायला वेळ उरत नाही. खेळपट्टी बिघडवून मिळवलेला फायदा यजमानांच्याच हातून निसटतो, तो असा.

अशी वळणारी खेळपट्टी पुण्याच्या नशिबीच लिहिलेली आहे असंही नाही. याच शहरात, जुन्या मैदानावर, डिसेंबर १९४८ मध्ये कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या होत्या. त्याच हंगामात पुण्याला झालेल्या मुंबई-महाराष्ट्र रणजी उपांत्य सामन्यात दोन्ही संघांनी मिळून २३७६ धावा काढल्या.

खेळपट्टी वाचण्यात पाहुणे चुकतात आणि शिकतातही. २०१२ मध्ये इंग्लंडने अहमदाबादला फिरकीपटू माँटी पानेसरला बाहेर ठेवलं आणि ९ गड्यांनी मार खाल्ला. मग मुंबईत वानखेडेच्या तांबड्या मातीवर त्याला आणलं. भारताने तीन फिरकीपटू खेळवले होते, पण पानेसरची वेगवान डावखुरी फिरकी त्या मातीला जास्त मानवली. त्याने ११ आणि ग्रॅम स्वानने ८ असे २० पैकी १९ बळी दोघांनी घेतले. केव्हिन पीटरसनने १८६ धावा करून इंग्लंडला १० गडी राखून जिंकवलं, आणि मालिकाही इंग्लंडने २-१ अशी नेली.

भारत स्वतः पाहुणा असतो तेव्हा कोडं उलटं होतं. ऑस्ट्रेलियासारख्या देशात ताजं गवत आणि उसळी पहिल्या दिवशी मारतात, आणि मग खेळपट्टी निवळत जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये, वानखेडेलाही न्यूझीलंडकडून हरून ०-३ असा पराभव पत्करलेला संघ तीन आठवड्यांच्या आत पर्थला उतरला. पहिल्या दिवशी दोन्ही संघांच्या मिळून १७ विकेट पडल्या. भारत १५० वर बाद झाला. दुसऱ्या दिवशी ऊन लागून खेळपट्टी शांत झाली, यशस्वी जयस्वाल आणि के. एल. राहुल यांनी २०१ धावांची सलामी दिली, आणि भारताने ती कसोटी २९५ धावांनी जिंकली.