रोजच्या रस्त्यावरची हायब्रिड

मोटारगाडी घेऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘ॲव्हरेज किती देते?’ हा, आणि मारुतीची ग्रँड व्हिटारा व टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर या २०२२ च्या सप्टेंबरात बाजारात आलेल्या जुळ्या गाड्यांच्या स्ट्रॉंग हायब्रिड आवृत्तीविषयी त्या प्रश्नाचे उत्तर लिटरला २७.९७ किलोमीटर असे मिळते, तेव्हा सव्वाचार मीटरांहून लांब आणि पाच माणसांना घेऊन जाणाऱ्या गाडीने स्कूटरच्या पंगतीला बसण्याची भाषा करावी याचे आश्चर्य वाटल्याशिवाय राहत नाही. हा आकडा खोटा नाही. परंतु तो कोणत्या परिस्थितीत जन्माला आला याची माहिती असल्यावाचून त्याच्या भरवशावर घरातील पंधरा-वीस लाख रुपये गुंतवणे योग्य नव्हे. पुण्यात वेताळ टेकडीवर असलेल्या, १९६६ साली स्थापन झालेल्या ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’सारख्या संस्थांत ही परीक्षा होते ती बंदिस्त खोलीत, गाडीची चाके रुळांवर फिरवून, ठरावीक तापमानात आणि वेगाच्या ठरवून दिलेल्या आलेखाबरहुकूम, त्या आलेखातील कमाल वेग ताशी ९० किलोमीटरच्या पुढे जात नाही, वातानुकूलन बंद असते, आणि सिंहगड रस्त्यावरचा खड्डा, पावसाळ्यातले तुंबलेले पाणी किंवा मागल्या सीटवर बसलेले आजी-आजोबा यांपैकी कशाचाही त्यात समावेश नसतो. गाड्यांची परस्परांशी तुलना करण्यास हा आकडा उपयोगी आहे. आपल्या महिन्याच्या खर्चाचा अंदाज बांधण्यास मात्र तो अपुरा पडतो.

हायब्रिड या नावाखाली सध्या दोन भिन्न कुळांतील गाड्या विकल्या जातात, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. याच दोन गाड्यांच्या स्वस्त आवृत्तीतील माइल्ड हायब्रिड यंत्रणा इंजिनाला वेग घेताना हातभार लावते आणि सिग्नलला थांबलेले इंजिन हळुवारपणे पुन्हा सुरू करते, पण निव्वळ विजेवर चाके फिरवणे तिला साधत नाही. स्ट्रॉंग हायब्रिडमध्ये १,४९० घन सेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे, ९२ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आणि ८० अश्वशक्तीची विद्युत मोटर अशी दोन बलस्थाने आहेत; दोहोंची मिळून कमाल शक्ती मात्र सुमारे ११६ अश्वशक्ती इतकीच भरते, कारण इंजिन व मोटर आपापल्या शक्तीचे शिखर एकाच क्षणी गाठत नाहीत आणि बॅटरीही मर्यादितच वीज पुरवू शकते. हे इंजिन ॲटकिन्सन चक्रावर चालते, म्हणजे त्यात इंधनमिश्रित हवेच्या प्रसरणाचा टप्पा आकुंचनाच्या टप्प्याहून लांब ठेवलेला असतो. त्यामुळे प्रत्येक थेंबातून अधिक काम निघते, पण मंद वेगात जोर कमी पडतो, आणि नेमकी ही उणीव, शून्य वेगापासूनच पूर्ण जोर देणारी विद्युत मोटर भरून काढते. परस्परांच्या दोषांवर परस्परांच्या गुणांचे आवरण घालणारी ही योजना, १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये टोयोटाने प्रियस विक्रीस आणली तेव्हापासून, तत्त्वतः तीच आहे. लोखंडी नांगरापासून आरंभ करून मराठी मुलखात यंत्रोद्योग रुजवणाऱ्या किर्लोस्कर घराण्याच्या उद्योगसमूहाने टोयोटाशी भागीदारी केली तीही त्याच १९९७ साली, आणि आज ग्रँड व्हिटारा व हायरायडर या दोन्ही गाड्या तयार होतात त्या या भागीदारीच्या, बंगळूरनजीक बिडदी येथील कारखान्यात.

या यंत्रणेचे खरे राज्य शहरातल्या गर्दीत आहे. ज्या ठिकाणी सामान्य गाडी सर्वाधिक पेट्रोल वाया घालवते, म्हणजे हिंजवडीच्या संध्याकाळच्या रांगेत, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर किंवा शाळा सुटण्याच्या वेळी कोणत्याही तालुक्याच्या मुख्य चौकात, त्याच ठिकाणी हायब्रिडचे इंजिन बराच काळ बंद राहते, गाडी मोटरवर सरपटते, आणि प्रत्येक वेळी ब्रेकवर पाय पडला की एरवी उष्णता होऊन उडून जाणारी गती विजेच्या रूपाने बॅटरीत परत जमा होते. वातानुकूलनाचा कॉम्प्रेसरही विजेवर चालत असल्यामुळे इंजिन थांबले तरी गारवा टिकतो. मात्र विदर्भातल्या मे महिन्यात तो गारवा राखण्यासाठी बॅटरी लवकर उतरते आणि तिला भरण्यासाठी इंजिनाला वारंवार जागे व्हावे लागते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. माझ्या मते या गाडीचा सर्वांत मोठा गुण पेट्रोलच्या बचतीपेक्षाही शांततेचा आहे. क्लच नाही, गिअर बदलताना बसणारा हिसका नाही, इंजिन आणि दोन विद्युत यंत्रे दंतचक्रांच्या एकाच संचातून आपापला वाटा चाकांकडे पाठवतात; दिवसभराच्या कामानंतर तासभर रांगेत अडकलेल्या माणसाच्या गुडघ्याला आणि मनाला ही गोष्ट जी विश्रांती देते तिची नोंद कोणत्याही जमाखर्चात होत नाही.

एका प्रकारच्या शहरी प्रवासाला मात्र हा नियम लागू नाही. घरापासून दीड-दोन किलोमीटरवर भाजी आणायची, मुलाला शिकवणीला सोडायचे आणि परत यायचे, एवढाच ज्या गाडीचा दिनक्रम असेल तिचे इंजिन थंड स्थितीत सुरू होऊन गरम होण्याच्या खटपटीतच प्रवास संपवते, आणि बचतीची संधी तिला मिळतच नाही. निफाडच्या थंडीत ही अडचण चेन्नईपेक्षा अधिक जाणवेल.

घाटाची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण महाराष्ट्रात गाडी घेणारा माणूस आज ना उद्या घाट चढतो आणि उतरतो. उतारावर वाया जाणारी शक्ती परत मिळवण्याची कल्पना आपल्या सह्याद्रीला नवी नाही. १९२९ साली पुण्यापर्यंतचा लोहमार्ग विजेवर आला तेव्हा बोरघाटातून मालगाड्या नेण्यासाठी आणलेली, रेल्वेतील माणसे ज्यांना खेकडा म्हणत ती स्विस धाटणीची इंजिने घाट उतरताना आपल्या मोटरींचे जनित्र करून वीज माथ्यावरच्या तारेत परत सोडू शकत. तारेला ती वीज पोटात घ्यायला अडचण नव्हती, कारण तिकडे दुसरी एखादी गाडी चढत असे. मोटारगाडीच्या पाठीमागे अशी तार नाही. तिच्यापाशी आहे ती सुमारे पाऊण युनिट वीज मावणारी, आणि आयुष्य वाढावे म्हणून जिचा पूर्ण उपयोग मुद्दामच केला जात नाही अशी, लहानशी लिथियम-आयन बॅटरी. चार माणसे व सामान यांसह सोळाशे किलो भरणारी गाडी लोणावळ्याहून खोपोलीस उतरते तेव्हा ती पाचशे मीटरांहून अधिक खाली येते, आणि त्या उंचीत साठलेली ऊर्जा दोन युनिटांहून अधिक असते. घर्षणाचा आणि वाऱ्याचा वाटा वजा केला तरी उरणारी शक्ती बॅटरीत मावण्याइतकी थोडी नसते. हंड्याचे पाणी तांब्यात ओतू गेले असता जे होते तेच येथे होते. बॅटरी अर्ध्या वाटेतच भरते, आणि त्यानंतर गाडी उतारावर रोखून धरण्यासाठी पेट्रोल न जाळता इंजिन नुसते फिरवत ठेवावे लागते. हा आवाज ऐकून अनेक नवे मालक गाडीत बिघाड झाला असे समजतात. वस्तुतः ती यंत्रणेने ब्रेकवरचा भार हलका करण्यासाठी केलेली तजवीज असते, आणि लांब उतारावर गिअरची दांडी ‘बी’ या स्थानी ठेवून चालकाने तिला साह्य करणे हिताचे असते.

चढाची बाजू तितकी सुखावह नाही. आंबेनळी, वरंध किंवा कुंभार्ली चढताना बॅटरीतली शिल्लक काही मिनिटांत तळाला जाते, आणि मग ९२ अश्वशक्तीच्या तीन सिलिंडरांवर बहुतेक सारा बोजा येतो. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज आधी चढतो, वेग मागाहून वाढतो. दुपदरी रस्त्यावर ट्रकला मागे टाकताना ही दिरंगाई हिशेबात धरूनच निर्णय घेतला पाहिजे. डिझेल गाडीच्या जोराची सवय असलेल्या चालकास येथे निराशा येण्याचा संभव आहे, आणि त्याची तक्रार रास्त आहे. समृद्धी महामार्गासारख्या सरळ, भरधाव रस्त्यावरही हायब्रिडचा लाभ आटतो, कारण ब्रेकच क्वचित लागत असल्यामुळे परत मिळवण्यासारखे काही उरत नाही आणि वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत राहतो.

कुटुंबाची गाडी म्हणून पाहू जाता सर्वांत मोठी किंमत डिकीला मोजावी लागली आहे. बॅटरी डिकीच्या तळाशी बसवल्यामुळे स्ट्रॉंग हायब्रिडमध्ये सुमारे २६५ लिटर जागा उरते, म्हणजे लहान हॅचबॅक गाडीइतकीच. गणपतीला कोकणात जाणाऱ्या चौघांच्या बॅगा, मुलाची सायकल आणि परतीच्या वाटेवरची ओझी यांचा मेळ तीत बसणे कठीण. दाखवायला आणलेल्या गाडीच्या डिकीत आपल्या घरच्या दोन मोठ्या बॅगा प्रत्यक्ष ठेवून पाहण्यास संकोच करू नये. सहा-सात माणसांचे घर असेल तर टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस हा याच तत्त्वावरचा मोठा पर्याय आहे. तिचे प्रमाणित मायलेज २३.२४ असून आकार आणि किंमत दोन्ही अर्थात वरच्या पायरीवर आहेत.

आता पैशाचा हिशेब. समजा, माइल्ड हायब्रिडची ऑटोमॅटिक गाडी आणि स्ट्रॉंग हायब्रिड यांच्या रस्त्यावर येईपर्यंतच्या किमतीत तीन लाखांचा फरक आहे. समजा, आपल्या शहरात पहिली लिटरला ११ आणि दुसरी २० किलोमीटर चालते, आणि पेट्रोलचा दर १०४ रुपये आहे. दरमहा १,००० किलोमीटर चालवणाऱ्याचे ४१ लिटर पेट्रोल वाचेल, म्हणजे वर्षाला सुमारे ५१ हजार रुपये, आणि वरचे तीन लाख सहा वर्षांत वसूल होतील. दरमहा ५०० किलोमीटर चालवणाऱ्यास तीच वसुली बारा वर्षे पुरेल, आणि इतकी वर्षे गाडी ठेवण्याचा इरादा नसेल तर केवळ बचतीच्या नावाखाली ही खरेदी करणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे होय. हे आकडे गृहीत धरलेले आहेत. प्रत्येकाने आपले घालावेत. यासाठी सध्याच्या गाडीची टाकी काठोकाठ भरून किलोमीटरची नोंद करावी, पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरून लागलेल्या लिटरांनी अंतरास भागावे, आणि शहर, महामार्ग व घाट यांची विभागणी वहीत मांडून ठेवावी. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. त्यामुळे काही टक्क्यांची घट सर्वच गाड्यांच्या वाट्यास येते, ही बाबही जुने आकडे वाचताना विसरू नये.

सरकारी धोरणाने या हिशेबात घातलेली तूट मला अन्याय्य वाटते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या दरांत चार मीटरांहून लांब असलेली ही इंधन वाचवणारी गाडी आणि तिच्याच आकाराची, तिच्या दीडपट पेट्रोल पिणारी गाडी, या दोघींवर ४० टक्के असा एकच कर आहे, तर विजेवर चालणाऱ्या गाडीवर तो केवळ ५ टक्के आहे. उत्तर प्रदेशाने २०२४ साली स्ट्रॉंग हायब्रिडचा नोंदणीकर माफ केला होता. ज्या देशात लक्षावधी कुटुंबे जुन्या सोसायट्यांत राहतात, आणि पार्किंगच्या खांबावर चार्जर बसवण्याच्या परवानगीसाठी सर्वसाधारण सभेपर्यंत जावे लागते, त्या देशात रात्री कोठेही न जोडता पेट्रोलचा खप लक्षणीयरीत्या उतरवणाऱ्या यंत्रणेस काही सवलत मिळावी, ही मागणी अवाजवी नाही. ज्यांच्यापाशी स्वतःची जागा व चार्जर आहे आणि ज्यांचा प्रवास बहुतांशी शहरातच होतो, त्यांनी मात्र शुद्ध विद्युत गाडीचाच विचार आधी करावा, असे मी निःशंकपणे सांगेन.

शोरूमभोवतालच्या सपाट रस्त्यावर, भरलेल्या बॅटरीनिशी, विक्रेत्यासह एकट्याने मारलेला फेरा हायब्रिडची परीक्षा ठरत नाही. घरची चार माणसे बसवून, वातानुकूलन चालू ठेवून, आपल्या नेहमीच्या वेळी व नेहमीच्या वाटेने निदान तासभर गाडी मागावी. वाटेत एखादा लांब चढ असावा. मागल्या सीटवर मधोमध बसलेल्या माणसाचे मत अवश्य विचारावे. भारत एनकॅपच्या अपघात-चाचणीत नेमक्या कोणत्या आवृत्तीस किती तारे मिळाले तेही पाहून ठेवावे.

बॅटरीची धास्ती बहुतेकांना असते, आणि तिचा खुलासा कागदावर घेणे हाच तिच्यावरील उपाय आहे. उत्पादकांनी हायब्रिड बॅटरीस ८ वर्षे अथवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोवर हमी दिली आहे. ती दुसऱ्या मालकाच्या नावे चालू राहते काय, आणि तिच्यासाठी दरवर्षी अधिकृत केंद्रात तपासणी करून घेण्याची अट आहे काय, हे सौदा होण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. टोयोटाच्या अनेक हायब्रिड गाड्यांत बॅटरी थंड ठेवणारी हवा मागल्या सीटजवळच्या जाळीतून आत ओढली जाते. त्या जाळीवर गोधडी, शाल किंवा मुलांचे दप्तर ठेवू नये, आणि तिच्यामागील गाळणी प्रत्येक सर्व्हिसिंगला साफ झाली की नाही याची जॉब कार्डावर नोंद करून घ्यावी.