मराठी विकिपीडिया: नव्या हातांच्या स्वागताची दोन दशकं

मराठी ज्ञानकोशात भर घालायची तर पूर्वी संपादक मंडळाचं बोलावणं यावं लागे. छत्तीसगडात रायपूरच्या तात्यापारा वस्तीतल्या मराठी माणसाला ते कुठून येणार? १ मे २००३ला मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि ही अट गेली. तो ज्यावर चालतो ते मीडियाविकी हे सॉफ्टवेअर मुक्त स्रोत आहे. त्यातल्या बटणांचं, सूचनांचं मराठीही स्वयंसेवकांनीच केलं.

पण सुरुवातीची वाट खडतर होती. देवनागरी लिहायला आधी बरहा किंवा गमभनसारखं टंकनाचं साधन मिळवा, मग खुणांची भाषा शिका: दुवा द्यायचा तर शब्दाभोवती दुहेरी चौकटी कंस, ठळक करायचा तर दोन्हीकडे तीन-तीन अवतरणचिन्हं. २०११च्या सुमारास संपादनाच्या पानातच मराठी टंकनाची सोय झाली. २०१३पासून खुणांशिवाय संपादन करू देणारा दृश्य संपादक (व्हिज्युअल एडिटर) येऊ लागला आणि कंसांचा जाचही कमी झाला. २०११च्या नोव्हेंबरात मुंबई विद्यापीठात भारतातली पहिली विकिपरिषद भरली; पुढे महाविद्यालयांतून कार्यशाळा होत गेल्या.

जुन्या संपादकांनी घडीही छान बसवली. सरावाला धूळपाटी, चर्चेला चावडी, अडल्यास मदतकेंद्र, नव्या सदस्याच्या चर्चापानावर स्वागताचा निरोप. तरी खरी कसोटी त्यानंतर लागते. कुणी आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवावर जिव्हाळ्याने चार परिच्छेद लिहितो. दुसऱ्या दिवशी 'इतिहास पहा'वर टिचकी मारतो, तर मजकूर उलटवलेला, म्हणजे काढून टाकलेला. संदर्भ नव्हता, नियम बरोबरच आहे. पण 'स्थानिक वृत्तपत्रातली बातमी जोडा, मजकूर राहील' एवढी एक ओळ चर्चापानावर मिळाली, तर तो माणूस टिकतो. नाहीतर तो पुन्हा फिरकत नाही. वीस वर्षांत यंत्राच्या अडचणी यंत्राने सोडवल्या. नव्या माणसाला कारण सांगण्याचं काम मात्र माणसानेच करायचं आहे.

अशी माणसं टिकायला हवीत, कारण महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळींकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणारे माधवराव सप्रे रायपुरात राहत. १९२६ साली ते इथेच वारले. बिंबाजी भोसल्यांचा छत्तीसगडातला कारभार, इथली मराठी घराणी, जुन्या वास्तू यांची माहिती इथल्या लोकांइतकी कुणाला असणार?

तात्यापाऱ्यातल्या तरुणांनो, या विषयांपैकी एखाद्यावरचा लेख उघडा, एक चूक दुरुस्त करा, एक संदर्भ जोडा. आणि जुन्या संपादकांनो, नव्या माणसाचा मजकूर काढावा लागला तर जरूर काढा, पण कारण सांगितल्याशिवाय नको.