सुतारकामाचा पहिला धडा : पाट

ऑगस्ट २०१९ मधील महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. अशा पुरातून वाचलेले घर उघडले, की लाकडी सामानातील फरक लगेच दिसतो. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा व चुरा डिंकाने दाबून केलेली फळी. ती पाण्याने एकदा फुगली, की पूर्ववत होत नाही. अखंड लाकडाचा चौरंग मात्र सावलीत हळूहळू वाळवता येतो. त्याचा सैल झालेला सांधा उकलून पुन्हा बसवता येतो. दुरुस्त होणे हा पारंपरिक लाकडी सामानाचा मोठा गुण आहे. हौसेने सुतारकाम शिकू पाहणाऱ्याने हा गुण कोठून येतो, हे आधी समजून घ्यावयास हवे.

लाकूड फुगते आणि आकसते

कापून वाळवलेले लाकूडही हवेतील ओलावा शोषते आणि सोडते. पावसाळ्यात दारे घट्ट बसतात ती यामुळेच. हा बदल तंतूंच्या लांबीत नगण्य असतो, फळीच्या रुंदीत मात्र जाणवतो. ३०० मिलिमीटर रुंदीच्या सागवानी फळीतील ओलाव्याचे प्रमाण चार टक्क्यांनी बदलले, तर तिच्या रुंदीत सुमारे दोन मिलिमीटरचा फरक पडू शकतो.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर माण आणि आटपाडी हे तालुके अवर्षणप्रवण आहेत. तेथे पाचशे मिलिमीटरही पुष्कळ. आटपाडीच्या कोरड्या हवेत केलेली वस्तू महाबळेश्वरच्या जुलैत फुगणारच. लाकडाला हलण्यास वाव ठेवणे, हेच जुन्या सांध्यांचे मर्म आहे.

पाटात काय शिकावयाचे?

नवशिक्याने खुर्ची किंवा पलंगाच्या मागे न लागता पाटापासून सुरुवात करावी. त्यात एक फळी आणि तिच्याखाली दोन आडव्या पट्ट्या एवढेच असते. पण सुतारकामातील बहुतेक मूळ गोष्टी तेथे येतात.

प्रथम फळीची एक बाजू रंध्याने सपाट करावी. मग एक कड तिच्याशी काटकोनात आणावी आणि गुण्या लावून तपासावी. पुढची सर्व मापे या दोन बाजूंवरून घ्यावयाची असतात. त्या चुकल्या तर सारेच चुकते. करवत रेघेवर न चालवता टाकून द्यावयाच्या भागाकडून चालवावी, म्हणजे माप कमी पडत नाही. पटाशीला २५ ते ३० अंशांची धार असावी आणि दोन्ही हात नेहमी धारेच्या मागे असावेत. बोथट पटाशी अधिक जोर मागते, म्हणून तीच अधिक धोक्याची.

खरी परीक्षा पट्ट्या बसवताना होते. पट्टीचे तंतू फळीच्या तंतूंना आडवे असतात. तिला पूर्ण लांबीभर डिंक लावला, किंवा खिळ्यांनी जखडले, तर आकसणाऱ्या फळीला जागा उरत नाही आणि ती तडकते. यावरचा उपाय म्हणजे फळीच्या खालच्या अंगाला तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद अशी खाच घेऊन त्याच आकाराची पट्टी तीत सरकवणे. फळी त्यामुळे वाकत नाही, पण आडवी हलू शकते. डिंक लावावयाचाच असेल, तर फक्त मधोमध लावावा.

पाटानंतर चौरंग

चौरंगाच्या पायांना आडव्या पट्ट्या जोडताना भोक आणि कुसू हा सांधा येतो. पट्टीच्या टोकाला काढलेली जीभ म्हणजे कुसू. ती पायातील भोकात बसते. कुसवाची जाडी पट्टीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश ठेवतात. कुसू हाताच्या जोराने किंवा हातोड्याच्या हलक्या ठोक्याने बसावे. ठोकून घुसवावे लागले तर पाय उकलतो, आपसूक घसरले तर चौरंग डुगडुगतो. आरपार खुंटी मारलेला सांधा पुढे खुंटी काढून उकलता येतो.

शिकावयाचे कोठे?

बारा बलुतेदारांतील सुतार नांगर, मोट आणि गाडी दुरुस्त करी व सुगीला धान्य घेई. मुलगा बापाच्या शेजारी बसून शिके. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, तेथे लोखंडी नांगर घडू लागले आणि गावच्या सुताराच्या कामाचा एक मोठा हिस्सा हळूहळू ओसरला. पुढे प्लायवूड आले. मिरजेत मात्र सतार आणि तंबोरे घडवण्याची विद्या घराण्यांतून आजवर टिकली. या दोन्ही वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा सुतारकामाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असून आठवी उत्तीर्णांना त्यास प्रवेश मिळतो. तो सर्वच संस्थांत नसल्याने आधी चौकशी करावी. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. तीत पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, दररोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. ती योजना आधीपासून हा व्यवसाय करणाऱ्या कारागिरांसाठी आहे, हौशी नवशिक्यासाठी नव्हे.

नोकरी करणाऱ्याला यांपैकी काही जमण्यासारखे नसेल, तर ओळखीच्या सुताराकडे सुटीच्या दिवशी जाऊन बसावे. तत्पूर्वी माळ्यावरचा जुना, डुगडुगणारा पाट खाली काढून उलटा करून पाहावा. त्याच्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकल्या आहेत की खाचेत सरकवल्या आहेत, फळी कोठे तडकली आहे आणि का, हे ओळखता आले, की पहिला धडा झाला. तो पाट दुरुस्त करणे हा दुसरा.