दिनदर्शिका, ई-मेल आणि आंतरसंस्थात्मक विश्वास

दोन भिन्न संस्थांमधील व्यक्तींना एक बैठक ठरवावयाची असेल, तर वरवर पाहता दिवस, वेळ आणि स्थळ ह्या तीन गोष्टी परस्परांना कळविल्या म्हणजे काम भागते. परंतु हे काम यंत्रांवर सोपविले की दोन प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न भाषेचा : एका संस्थेच्या संगणकाने केलेली नोंद दुसऱ्या संस्थेच्या संगणकाला त्याच अर्थाने वाचता आली पाहिजे. दुसरा प्रश्न विश्वासाचा : आलेले आमंत्रण ज्याच्या नावाने आले, त्यानेच ते पाठविले आहे काय? एकाच संस्थेच्या आत ह्या दोन्ही प्रश्नांचा निकाल तेथील व्यवस्थापक लावू शकतो. दोन संस्थांवर मात्र समाईक सत्ता कोणाचीच नसते. तेथे तिची जागा खुल्या मानकांना घ्यावी लागते.

ह्यांपैकी भाषेचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला आहे. ॲपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स ह्या कंपन्यांच्या व्हर्सिट नावाच्या संघाने 1996 साली व्हीकॅलेंडर हा नमुना प्रसिद्ध केला. त्याच्या आधारे इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सने नोव्हेंबर 1998 मध्ये आयकॅलेंडर हे मानक आरएफसी 2445 ह्या क्रमांकाने प्रसृत केले. त्याची सुधारलेली आवृत्ती आरएफसी 5545 ही 2009 सालची होय. ह्या मानकात प्रत्येक नोंदीला जगात अन्यत्र नसलेली एक ओळख दिलेली असते. त्यामुळे तीच बैठक दहा ठिकाणी नोंदली गेली, तरी ती एकच बैठक म्हणून ओळखता येते.

काळाची नोंद वाटते तितकी सोपी नाही. पुण्यातील एक विभाग व जर्मनीतील एक विद्यापीठ ह्यांची चर्चा दर मंगळवारी भारतीय वेळेनुसार दुपारी 2.30 वाजता होते, असे समजा. हिवाळ्यात तेव्हा जर्मनीत सकाळचे 10 वाजलेले असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी तेथील घड्याळे एक तास पुढे जातात. भारतात तसे होत नाही. म्हणून नोंद भारतीय वेळेला बांधलेली असेल, तर जर्मनीत चर्चा 11 वाजता सुरू होईल. जर्मन वेळेला बांधलेली असेल, तर पुण्यात ती 1.30 वाजता येईल. चर्चा कोणत्या वेळेला बांधली आहे, हे केवळ तासांच्या आकड्यांवरून कळत नाही. ह्यास्तव आयकॅलेंडरच्या नोंदीत वेळेबरोबर कालविभागाचे नाव व त्याचे नियमही लिहिता येतात.

नोंदीचा नमुना ठरला, तरी संवादाची रीत ठरावी लागते. ती आयटिप ह्या मानकाने ठरविली असून त्याची प्रचलित आवृत्ती आरएफसी 5546 ही आहे. तीत आयोजक व निमंत्रित अशा दोन भूमिका कल्पिल्या आहेत. विनंती, उत्तर, रद्द करणे, पर्यायी वेळ सुचविणे इत्यादी आठ प्रकारचे संदेश तीत येतात. बैठकीत महत्त्वाचा बदल झाला की आयोजक नोंदीचा अनुक्रमांक वाढवितो. त्यामुळे उशिरा पोहोचलेला जुना संदेश नव्या नोंदीवर मात करीत नाही. एकाच सर्व्हरवरील दिनदर्शिका वाचण्या-लिहिण्यासाठी कॅलडॅव्ह हे मानक 2007 साली आले. परंतु संस्थेची सीमा ओलांडून आमंत्रण जावयाचे असले, की बहुधा ई-मेलचाच आश्रय घ्यावा लागतो. ही रीत आयमिप ह्या मानकात, म्हणजे आरएफसी 6047 मध्ये, सांगितली आहे.

येथेच दुसरा प्रश्न पुढे येतो. आयोजकावाचून इतर कोणालाही बैठक बदलता अथवा रद्द करता येऊ नये, असा आयमिपचा दंडक आहे. पण संदेश आयोजकाचाच आहे, हे कशावरून? ई-मेलच्या पत्त्यावरून, आणि तो पत्ता खरा मानण्यास मूळ व्यवस्थेत काहीच आधार नाही. जॉन पोस्टेल ह्यांनी 1982 साली आरएफसी 821 मध्ये एसएमटीपी हा संकेत मांडला, तेव्हा प्रेषकाचे नाव पडताळण्याची सोय त्यात नव्हती. पाकिटाच्या मागे कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसाच हा प्रकार होय. सारांश, दिनदर्शिकेची विश्वसनीयता ई-मेलच्या विश्वसनीयतेहून अधिक असू शकत नाही.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न टप्प्याटप्प्याने झाले. एसपीएफ ह्या मानकानुसार संस्था आपल्या डोमेनच्या सार्वजनिक नोंदीत आपली पत्रे कोणत्या सर्व्हरांवरून निघतात ते जाहीर करते. मात्र पत्र वाटेत दुसऱ्या पत्त्याकडे वळविले गेले, की ही तपासणी निष्फळ ठरते. डीकेआयएम ह्या मानकात पाठविणारी संस्था पत्रावर अंकीय स्वाक्षरी करते. पत्र वळविले तरी ती टिकते, पण मजकुरात फेरफार झाल्यास मोडते. ह्या दोहोंपैकी एकही तपासणी वाचकाला दिसणाऱ्या प्रेषकाच्या नावाशी स्वतःहून जोडलेली नाही. ती सांगड डीमार्कने 2015 साली घातली. शिवाय तपासणीत न उतरलेले पत्र स्वीकारावे, बाजूस ठेवावे की नाकारावे, ह्याविषयीची आपली इच्छा डोमेनधारकाला त्यातून जाहीर करता येते.

प्रेषकाची ओळख पटली म्हणजे गुप्तता साधली असे नव्हे. दोन सर्व्हरांमधील मार्ग कूटलेखनाने झाकण्यासाठी स्टार्टटीएलएस ही सोय 1999 पासून आहे. पण ही सोय असल्याचा निरोपच उघड्या स्वरूपात जात असल्यामुळे, मार्गावरील एखादा हस्तक तो पुसून टाकू शकतो. मग पत्र उघडेच जाते. डेन व एमटीए-एसटीएस ही अनुक्रमे 2015 व 2018 सालची मानके ह्यावर उपाय करतात. आमच्याकडे येणारे पत्र झाकूनच पाठवावे, असे स्वीकारणारी संस्था त्यांच्या योगे आगाऊ जाहीर करते. पहिल्याचा आधार स्वाक्षरीयुक्त डोमेन नोंदी हा आहे, तर दुसऱ्याचा वेबवरील प्रमाणपत्रे हा आहे.

तथापि ही सर्व मानके संस्थेची ग्वाही देतात, व्यक्तीची नव्हे. आणि दोन्ही टोकांच्या सर्व्हरांना पत्र वाचता येतेच. प्रेषकापासून वाचकापर्यंत गुप्तता हवी असेल, तर एस-माइम किंवा ओपनपीजीपी ह्यांचा अवलंब करावा लागतो. पहिल्यात प्रमाणपत्रे देणाऱ्या अधिकृत संस्थांवर विश्वास ठेवला जातो. दुसऱ्याच्या परंपरेत व्यक्तींनी परस्परांच्या किल्ल्यांची ग्वाही द्यावी अशी कल्पना आहे. आयमिपने प्रेषकाच्या पडताळणीसाठी एस-माइमचीच स्वाक्षरी सुचविली आहे. येथे मात्र एक अंतर्विरोध लक्षात घ्यावा. आमंत्रण वाचकाखेरीज कोणालाच वाचता आले नाही, तर सर्व्हरला त्याची नोंद आपोआप घेता येत नाही, आणि त्या व्यक्तीची मोकळी वेळही इतरांना सांगता येत नाही. ह्या अडचणीतून आयकॅलेंडरनेच अंशतः वाट काढून दिली आहे. बैठकीचा विषय न सांगता केवळ व्यग्र काळ कळविणारी एक स्वतंत्र नोंद त्यात आहे. सहकार्यास पुरेल तेवढेच सांगावे, हे तिच्यामागील तत्त्व होय.

मानक खुले असले, म्हणून सत्तेचा प्रश्न मिटतो असेही नाही. गूगल व याहू ह्यांनी फेब्रुवारी 2024 पासून मोठ्या संख्येने पत्रे पाठविणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क ही तिन्ही आवश्यक केली. ह्यामुळे बनावट पत्रांना आळा बसण्यास साहाय्य होते. परंतु मानक लिहितो कोण आणि ते सक्तीचे करतो कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हेही त्यावरून दिसून येते. स्वतःचा सर्व्हर चालविणाऱ्या लहान संस्थेला ह्या अटींचा भार वाहावा लागतो. मात्र अटी खुल्या मानकांत लिहिलेल्या असल्यामुळे त्या कोणालाही वाचता येतात व कोणत्याही साधनाने पुऱ्या करता येतात. एखाद्या कंपनीच्या खाजगी रचनेत हीच अट असती, तर त्या संस्थेपुढे तिचे ग्राहक होण्यावाचून दुसरा मार्ग उरला नसता. परस्परांशी बोलता यावे, पण त्यासाठी एका धन्याच्या छत्राखाली जावे लागू नये, हेच खुल्या मानकांचे खरे प्रयोजन आहे.